ब्लूटूथवाला ईएलएम ३२७: एमपीएफआय प्रोजेक्ट गाडीच्या वायरिंगसाठी घ्यावा का?

आगपेटीपेक्षा जरा मोठा डबा, एका बाजूला सोळा पिना, आत ब्लूटूथ. मोबाइलवर ॲप टाकलं की इंजिनचं तापमान, आरपीएम, पेट्रोलचं करेक्शन सगळं पडद्यावर दिसतं. हजार रुपयांच्या आत मिळणाऱ्या या अडॅप्टरबद्दल विचारणारे बहुतेक जण जुनी झेन, एस्टीम किंवा जिप्सी पुन्हा उभी करत असतात, नाहीतर एका गाडीत दुसरीचं इंजिन बसवून वायरिंग नव्याने ओढत असतात. हे परीक्षण त्यांच्यासाठी आहे. मत आधीच सांगतो: घ्या, पण चांगला मल्टिमीटर त्याच्याआधी घ्या. आणि स्कॅनरने नाव घेतलेला सेन्सर, त्याचा कपलर आणि वायर तपासल्याशिवाय बदलू नका.

पहिला प्रश्न, तुमची गाडी याच्याशी बोलेल का? सोळा पिनांचा कपलर दिसला म्हणजे गाडी ओबीडी टूची, म्हणजे इंजिनची माहिती ठरलेल्या सामायिक भाषेत सांगणारी, आहे असं होत नाही. आपल्याकडे ओबीडीची सक्ती बीएस-४ या प्रदूषण नियमांबरोबर २०१० पासून टप्प्याटप्प्याने आली, दुसरा टप्पा २०१३ चा, आणि बीएस-४ देशभर लागू झालं ते १ एप्रिल २०१७ ला. म्हणजे एमएच ३१ ची, आपल्या नागपूरची, २००३ ची एस्टीम एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरवाली) असली तरी तिचा ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ओबीडीची भाषा बोलेलच असं नाही. सुझुकीच्या जुन्या ईसीयूंची स्वतःची वेगळी सिरियल भाषा होती, ती ईएलएमला येत नाही. अशा गाडीवर ॲप ‘कनेक्टिंग’ म्हणत बसतं आणि लोक अडॅप्टर खराब म्हणून परत पाठवतात. दोष अडॅप्टरचा नसतो.

अशा गाडीला दुसरी वाट आहे आणि ती फुकट आहे. त्या काळातल्या बऱ्याच मारुतींत डायग्नोसिस कपलर असतो. त्यातली टेस्टची पिन वायरच्या तुकड्याने अर्थला जोडून चावी ऑन केली की चेक लाइट लुकलुकून कोड सांगते. एकदा लुकलुक, थोडा थांबा, मग दोनदा, म्हणजे १२: कोणताही दोष नोंदलेला नाही. टेस्टची पिन नेमकी कोणती ते त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्या. अंदाजाने भलतीच पिन अर्थ केली तर फ्यूजवर निभावलं तर बरं, नाहीतर ईसीयू जातो.

नव्याने ओढलेल्या वायरिंगवर अडॅप्टर लावण्याआधी सॉकेट मीटरने तपासा. १६ नंबरच्या पिनवर बॅटरीचे बारा व्होल्ट हवेत, तेही स्वतंत्र फ्यूजमधून. ४ आणि ५ या दोन्ही अर्थ. ७ म्हणजे के-लाइन, ईसीयूशी बोलण्याची जुनी एका वायरची लाइन; चावी ऑन असताना तिथे बॅटरीच्या जवळपास व्होल्ट दिसतात. कॅन, म्हणजे नव्या गाड्यांतली दोन वायरची लाइन, असेल तर ६ आणि १४ वर साधारण अडीच-अडीच व्होल्ट. बॅटरीची वायर काढून ६ आणि १४ च्या मध्ये रेझिस्टन्स मोजला तर ६० ओहम यायला हवा. १२० आला तर लाइनच्या एका टोकाचा टर्मिनेटर (१२० ओहमचा रेझिस्टर) जोडलेलाच नाही. इंजिन अदलाबदलीत हे हमखास घडतं, कारण दुसरा टर्मिनेटर बहुधा मूळ गाडीच्या दुसऱ्या एखाद्या युनिटमध्ये राहून गेलेला असतो.

स्वतंत्र ईसीयू बसवला असेल, म्हणजे मेगास्क्वर्ट किंवा स्पीडुइनोसारखा, तर हा डबा घेऊच नका. त्यांचं लॉगिंग त्यांच्याच सॉफ्टवेअरमधून होतं आणि ते याच्यापेक्षा कितीतरी वेगवान आहे.

आता अडॅप्टरबद्दल. ईएलएम ३२७ ही मुळात कॅनडातल्या एल्म इलेक्ट्रॉनिक्सची चिप. बाजारात मिळतात त्या जवळपास सगळ्या नकला. डब्यावर ‘व्हर्जन १.५’ लिहिलेलं असेल तर लक्षात घ्या की मूळ कंपनीने १.५ नावाचं व्हर्जन कधी काढलंच नव्हतं. तरीही व्यवहारात, १.५ म्हणून विकली जाणारी आणि आत पीआयसी १८एफ२५के८० ही चिप असलेली नक्कल, २.१ लिहिलेल्या बऱ्याच स्वस्त नकलांपेक्षा जास्त कमांड ऐकते. के-लाइनवर चालणाऱ्या गाड्यांना हा फरक जाणवतो: काही २.१ वाले कॅनवर चालतात आणि के-लाइनवर मुके होतात. घेताना परत करण्याची सोय बघा आणि पहिल्याच दिवशी आपल्या गाडीवर लावून बघा. आयफोन असेल तर साधं ब्लूटूथ जुळत नाही, वायफाय किंवा ब्लूटूथ लो एनर्जी लागतं. अँड्रॉइडवर पेअर करताना पिन १२३४ किंवा ०००० असतो. ॲप टॉर्क असो की कार स्कॅनर, कामापुरती दोन्ही चांगली आहेत.

हा डबा व्होल्टही दाखवतो. त्यावर लगेच विश्वास ठेवू नका. नकलांमध्ये पाव-अर्धा व्होल्ट फरक नेहमीचा आहे. एकदा मीटरने बॅटरी मोजून किती फरक पडतो ते लिहून ठेवा.

डबा खरा उपयोगी पडतो तो लाइव्ह डेटासाठी, आणि त्यातही इंजिन सुरू करण्याआधीच्या आकड्यांसाठी. गाडी रात्रभर सावलीत उभी असू द्या. सकाळी सेल्फ न मारता फक्त चावी ऑन करा आणि तीन आकडे बघा: कूलंटचं तापमान, आत येणाऱ्या हवेचं तापमान, आणि मॅपचा, म्हणजे इनटेक मॅनिफोल्डमधल्या हवेचा, दाब.

दोन्ही तापमानं एकमेकांच्या चार-पाच अंशांत आणि बाहेरच्या हवेच्या जवळ हवीत. डिसेंबरातल्या सकाळी दोन्ही १२ दाखवत असतील तर छान. एक १२ आणि दुसरं ३० असेल तर ३० वाल्याची चौकशी करा. ही तपासणी मे महिन्यात दुपारी करू नका. उन्हात उभ्या गाडीचं बॉनेट तापतं, आणि गाडी बंद करून दहा मिनिटं झाली की इंजिनच्या उष्णतेने हवेचा सेन्सर ६० च्या पुढे जातो. त्यात सेन्सरचा काही दोष नाही.

मॅपच्या आकड्यावर नागपूरकरांनी नीट लक्ष द्यावं. इंजिन बंद असताना मॅप सेन्सर बाहेरच्या हवेचा दाब दाखवतो. इंटरनेटवरच्या तक्त्यांत १०१ किलोपास्कल लिहिलेलं असतं, पण तो समुद्रसपाटीचा आकडा आहे. नागपूर सुमारे ३१० मीटर उंचीवर आहे, म्हणून इथे ९६ ते ९८ च्या दरम्यान आकडा येतो, उन्हाळ्यात खालच्या बाजूला, थंडीत वरच्या. ९७ बघून ‘सेन्सर कमी दाखवतो’ म्हणत नवा मॅप घेणं म्हणजे पैसे पाण्यात. इथे १०१ दाखवणाराच संशयित समजा. इंजिन गरम होऊन आयडलवर आलं की हाच आकडा ३० ते ४० च्या आसपास उतरायला हवा. ५०-५५ वर अडकला तर आधी व्हॅक्यूमची नळी बघा, विशेषतः तिचं मॅपवर चढणारं टोक. नागपूरच्या उन्हाळ्यात रबर कडक होऊन तिथेच तडा जातो, आणि तो हाताने वाकवल्याशिवाय दिसत नाही.

मग फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा घटवतो तो आकडा. शॉर्ट (त्या क्षणाचा) आणि लाँग (शिकून ठेवलेला) यांची बेरीज दहा टक्क्यांच्या आत, अधिक किंवा उणे, असेल तर काळजी नको. आयडलला अधिक २०, आणि रेस धरून २५०० आरपीएमला अधिक ४ वर येत असेल तर कुठूनतरी हवा आत घुसते आहे. उलट आयडलला ठीक, पण वर्धा रोडवर जोर देताना ट्रिम चढत जात असेल तर पेट्रोल पुरत नाही: फिल्टर, पंप, किंवा पंपापर्यंत पोचणारे व्होल्ट. प्रोजेक्ट गाड्यांत हे तिसरं कारण पहिल्या दोघांपेक्षा जास्त वेळा निघतं. पंपाला मूळ पातळ वायरवरूनच करंट दिलेला असतो. इंजिन चालू असताना बॅटरीच्या प्लसपासून पंपाच्या कपलरच्या प्लसपर्यंत मीटर लावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर रिले आणि अडीच स्क्वेअर एमएमची वायर नव्याने ओढा.

इथपर्यंत डबा पैसे वसूल करतो. पुढे त्याची मर्यादा लागते, आणि ती समजली नाही तर खिसा रिकामा होतो.

स्कॅनर पार्ट दाखवत नाही, सर्किट दाखवतो. पी ०११८ हा कोड आला म्हणजे कूलंट सेन्सर गेला असं नाही. कूलंट सेन्सरच्या लाइनवर ईसीयूला जास्त व्होल्ट दिसतात, एवढाच त्याचा अर्थ. सेन्सर आतून तुटला असेल, वायर तुटली असेल, कपलरमधली पिन मागे सरकली असेल, कोड तोच. याचा सोक्षमोक्ष लावणारी तपासणी तीन मिनिटांची आहे. चावी ऑन, ॲपवर कूलंटचं तापमान लावा. कपलर काढा: आकडा उणे ४० वर जायला हवा. आता कपलरच्या दोन पिना वायरच्या तुकड्याने जोडा: आकडा १३० किंवा त्याच्याही पुढे उडायला हवा. दोन्ही झालं तर वायर आणि ईसीयू धडधाकट आहेत, सेन्सर बदला. कपलर काढूनही आकडा उणे ४० वर नसेल तर सेन्सर हातात घेऊ नका, दोष वायरिंगमध्ये आहे. उणे ४० येतं पण जोडल्यावर वर जात नाही, तर दोनपैकी एक वायर तुटलेली आहे. कोणती, ते सिग्नलची वायर थेट बॅटरीच्या मायनसला टेकवून कळतं: आता आकडा उडाला तर सेन्सरची अर्थ तुटलेली. ही युक्ती फक्त दोन वायरच्या तापमान सेन्सरवर करायची. तीन वायरच्या सेन्सरवर पाच व्होल्टची वायर अर्थला टेकवली तर तुम्हीच नवा दोष तयार कराल.

सगळ्यात फसवा दोष मात्र कोडच टाकत नाही. कूलंट सेन्सर थंड असताना जास्त रेझिस्टन्स दाखवतो, गरम होताना कमी. नेहमीच्या प्रकारात २० अंशांना अडीच किलोओहमच्या आसपास, ४० ला सव्वा किलोच्या जरा खाली, ८० ला सुमारे ३२० ओहम. आता समजा पावसाळ्यात कपलरमध्ये पाणी गेलं आणि पिनेवर हिरवा थर चढला. त्या थराने एक किलोओहमची भर घातली. इंजिन प्रत्यक्षात ८० वर आहे, सेन्सरचे ३२० ओहम, पण ईसीयूला दिसतात १३२०. त्याच्या हिशेबाने इंजिन ३७-३८ अंशांवर आहे. ३८ अंश ही अशक्य गोष्ट नाही, म्हणून जुन्या ईसीयूला त्यात काहीच वावगं वाटत नाही आणि चेक लाइट लागत नाही. तो पेट्रोल वाढवतो, प्लग काळे पडतात, ॲव्हरेज घसरतं. आणि रेडिएटरचा पंखा ईसीयूच्या हातात असेल तर तो सुरूच होत नाही. मे महिन्याच्या ४५ अंशांत बर्डीच्या सिग्नलला इंजिन उकळतं आणि पडद्यावर मात्र सगळं गारेगार. म्हणून इंजिन गरम झाल्यावर ॲपचा आकडा एकदा तरी इन्फ्रारेड थर्मामीटरने थर्मोस्टॅटच्या घरावर मोजलेल्या तापमानाशी ताडून बघा. चकचकीत ॲल्युमिनियमवर तो मीटर कमी दाखवतो, तिथे काळ्या टेपचा एक तुकडा चिकटवून त्यावर नेम धरा.

दुसरी मर्यादा वेगाची. के-लाइनवर हा डबा सेकंदाला चार-पाच आकडे आणतो. दहा गोष्टी एकदम लावल्या तर प्रत्येकीची पाळी दोन सेकंदांनी येते. थ्रॉटल सेन्सरची पट्टी एका जागी झिजलेली असेल तर सिग्नल क्षणभर पडतो, गाडी झटका मारते, पण पडद्यावर काहीच दिसत नाही. इथे जुना काट्याचा मीटर उत्तम. तीन वायरच्या थ्रॉटल सेन्सरवर पाच व्होल्ट, अर्थ आणि सिग्नल असतात. सिग्नल बंद थ्रॉटलला अर्धा ते पाऊण व्होल्टच्या आसपास, पूर्ण उघडल्यावर चारच्या वर. चावी ऑन, इंजिन बंद, थ्रॉटल हाताने अगदी सावकाश उघडा. काटा कुठेही न अडखळता चढला पाहिजे. एकदा खाली झुकला तरी सेन्सर बदला.

ऑक्सिजन सेन्सरला मात्र काट्याचा मीटर लावू नका, त्याला १० मेगाओहमचा डिजिटल लागतो. स्वस्त पिवळे मीटर बहुधा एक मेगाओहमचे असतात आणि सिग्नल थोडा खाली ओढतात. सेन्सरच्या सिग्नल वायरचा रेझिस्टन्स कधीही मोजू नका, मोजायचा तो फक्त हीटरचा.

क्रँक सेन्सरसाठी डबा एक गोष्ट पटकन सांगतो: सेल्फ मारताना आरपीएम दिसतो का? १५० ते २५० दिसला तर सेन्सर जिवंत आहे. शून्य दिसला तर दोन वायरच्या सेन्सरवर मीटर एसी व्होल्टला लावून सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टच्या आसपास काहीतरी यायला हवं. व्होल्ट येतात आणि तरी आरपीएम नाही, तर नव्या वायरिंगमध्ये दोन्ही वायर उलट जोडल्या गेल्यात का ते बघा. उलट्या जोडल्या तर स्पार्कची वेळ चुकते, नाहीतर ईसीयूला क्रँकच्या चाकावरचे दातेच मोजता येत नाहीत. या वायरवर जाळीचं आवरण असेल तर ते एकाच टोकाला अर्थ करायचं. गाडी गरम झाल्यावर बंद पडते आणि अर्ध्या तासाने सुरू होते, अशी तक्रार असेल तर बंद पडल्याबरोबर सेल्फ मारून आरपीएम बघणं हीच सगळ्यात भरवशाची तपासणी आहे.

एकदम तीन-चार सेन्सरचे कोड आले तर सेन्सर विकत घ्यायला घाट रोडला जाण्याची घाई करू नका. थ्रॉटल आणि मॅपला पाच व्होल्ट एकाच जागेहून मिळतात. एक सेन्सर आतून शॉर्ट झाला की सगळे आडवे होतात. पाच व्होल्टच्या वायरवर मीटर ठेवा आणि एकेक कपलर काढत जा. ज्याच्या काढण्याने पाच व्होल्ट परत येतात तो दोषी. सगळे काढूनही येत नसतील तर वायर कुठेतरी घासून बॉडीला लागली आहे. फायरवॉलच्या भोकात ग्रोमेट बसवलं आहे का, ते आधी बघा.

आता अर्थ. प्रोजेक्ट गाड्यांत अर्ध्याहून अधिक विचित्र तक्रारी इथे संपतात, आणि स्कॅनर याबद्दल अवाक्षर काढत नाही. रंगावर बसवलेली थिंबल (वायरच्या टोकाची कडी), इंजिन काढताना सुटलेली आणि परत न लावलेली जाड पट्टी, सेन्सरची आणि पंख्याची एकाच बोल्टवर घेतलेली अर्थ. सेल्फ मारताना बॅटरीच्या मायनसपासून इंजिन ब्लॉकपर्यंत ०.२ व्होल्टपेक्षा फार जास्त दिसता कामा नये. इंजिन चालू, पंखा आणि हेडलाइट लावून, ईसीयूच्या अर्थ पिनेपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत ०.१ च्या आत. मीटरच्या ‘बीप’वर समाधान मानू नका: दहापैकी नऊ तारा तुटलेली वायरही बीप देते. पॉवरच्या संशयित वायरला २१ वॉटचा इंडिकेटरचा बल्ब लावा. तो पावणेदोन अँपिअरच्या आसपास खातो. वायर धड असेल तर लख्ख पेटेल, नसेल तर लालसर होऊन थांबेल. हा बल्ब पंप, रिले आणि अर्थच्या वायरलाच, ईसीयूच्या सिग्नलला नाही.

वायरमध्ये टाचणी टोचून व्होल्ट बघण्याची सवय सोडाच. त्या भोकातून पहिल्याच पावसात पाणी शिरतं आणि तांबं आतून हिरवं होत जातं. कपलरच्या मागून, रबराच्या कडेने बारीक सुई सरकवा. जोड क्रिंपचाच करा, वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव. इंजिनच्या थरथरीच्या जागी सोल्डर टाळा: तो वायरमध्ये वर चढतो आणि जिथे थांबतो तिथे तार मोडते. काळी पीव्हीसी टेप इथल्या उन्हात गोंद सोडून सैल होते, कापडी हार्नेस टेप वापरा. आणि गाडी महिनोन्‌महिने अंगणात उभी असेल तर उंदरांनी सोललेली वायर आधी शोधा. ती बहुधा इनटेक मॅनिफोल्डच्या खाली, हात पोचत नाही तिथेच असते.

डबा सॉकेटमध्ये कायम लावून ठेवू नका. १६ नंबरच्या पिनवर चावी बंद असतानाही करंट असतो, आणि कधीमधीच सुरू होणाऱ्या गाडीची बॅटरी काही आठवड्यांत बसते. बसलेल्या बॅटरीवर सेल्फ मारला की व्होल्ट कोसळतात आणि ईसीयू भलतेच कोड नोंदवतो. ते पुसून, बॅटरी पूर्ण चार्ज करून, मगच पुढची तपासणी सुरू करा.